स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, मदत हवी आहे

मंडळी, दोन दिवस डोकं उठलंय. पेट्रोल गाडी, चावी मारली की स्टार्टर मस्त घर्र घर्र फिरतो पण इंजिन काही पकडत नाही. बॅटरी म्हणू नका प्लीज, मीटरवर १२.६ व्होल्ट आहे आणि क्रँक करताना (म्हणजे स्टार्टर फिरवताना) १० च्या खाली जात नाही. चावी ऑन केली की मागून फ्युएल पंपाचा दोन सेकंद हूंऽऽ आवाज येतो, प्रेशर मात्र मोजलेलं नाही, गेज नाही ना माझ्याकडे. एक स्पार्क प्लग काढून बघितला तर कोरडा ठणठणीत, पेट्रोलचा वाससुद्धा नाही आणि स्पार्क पण नाही.

आता गंमत बघा, क्रँक करताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलतच नाही. आणि गेल्या आठवड्यात इंजिन गरम झालं की गाडी बंद पडायची, अर्धा तास थांबलं की परत चालू, म्हणून मला क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर) डाउट आहे. पण स्कॅनर लावला तर एरर कोड एकही नाही! कोड न येता सेन्सर गेलेला असू शकतो का? दोन वायरवाला आहे, काढायच्या आधी मल्टीमीटरने कसा चेक करू, नुसता ओहम बघून कळतं का क्रँक करताना एसी व्होल्ट पण बघायचे?