प्रदूषण करणाऱ्या कंपन्यांवरच्या कराला मुदत असावी का?

सुकाणू
अमेरिकेत लव्ह कॅनॉलला एका रासायनिक कंपनीने सुमारे २१ हजार टन कचरा पुरला. पुढे तिथेच शाळा आणि घरं उभी राहिली. १९७८मध्ये कुटुंबांना हलवावं लागलं आणि १९८०मध्ये 'सुपरफंड' कायदा आला: तेल-रसायन कंपन्यांकडून कर घ्यायचा, त्यातून बेवारस विषारी जागा साफ करायच्या. १९९५अखेर कराची मुदत संपली, संसदेने ती वाढवली नाही. निधी आटला, खर्च सामान्य करदात्याच्या गळ्यात पडला. रसायनांवरचा कर परत आणायला २०२१चा कायदा लागला, तेलावरचा आणायला २०२२चा. मधली सगळी वर्षं विष जमिनीत मुरतच होतं. माझ्या मते अशा कराला मुदत असूच नये.

पानगळ
अजिबात पटलं नाही. कायदा बदलता येत नसेल तर त्यातला अन्यायही कायमचा होतो. याच सुपरफंडखाली, कचरा टाकला तेव्हा ते कायदेशीर होतं तरी जबाबदारी यायची, आणि थोडासा कचरा टाकणाऱ्यालाही पूर्ण खर्चासाठी कोर्टात खेचता यायचं. २००२मध्ये किरकोळ वाटा असलेल्या छोट्या उद्योगांना त्यातून वगळलं. हीसुद्धा सवलतच ना? मी तिच्या बाजूने आहे.

सुकाणू
मीही आहे. पण ती दुरुस्ती कोणाचा किती दोष, हे पाहून झाली. कर चुकीचा आहे असं ठरवून कोणी रद्द केला नव्हता, तो नुसता संपू दिला. मी बोलतोय ते याबद्दल.

अबोली
स्वीडन बघा. कार्बन कर १९९१चा. उद्योगांना आधी मोठी सवलत होती. ती टप्प्याटप्प्याने कमी करत २०१८मध्ये काढली, युरोपच्या उत्सर्जन बाजारात (जिथे कार्बन सोडण्याचे परवाने विकत घ्यावे लागतात) असलेले कारखाने सोडून. टप्पे आधीच जाहीर होते, त्यामुळे कारखान्यांना तयारीला वेळ मिळाला.

पानगळ
म्हणजे बदल झालाच की!

अबोली
झाला, पण एकाच दिशेने. युरोपीय संघात उलटं झालं. कंपन्यांनी पर्यावरण अहवाल द्यावेत हा निर्देश २०२३मध्ये लागू झाला आणि ज्यांची पाळी यायची होती त्यांना २०२५मध्ये दोन वर्षं पुढे ढकललं. ज्यांनी वेळेत माणसं नेमली, पैसे खर्च केले, त्यांनी काय समजायचं?

पानगळ
मधल्या आकाराच्या कंपनीवर त्या अहवालांचा बोजा खरंच जड होता, ढकललं ते बरंच केलं. पण मुदत तोंडावर आल्यावर ढकलणं चूक, एवढं मी मानतो.