नवी टायमिंग चेन बसवताना कॅमच्या खुणा अर्ध्या दाताने तिरक्या येतात. कोणती स्थिती बरोबर मानावी?

प्रश्न: सिडकोकर

नमस्कार. माझ्या १५० सीसी, एका सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलचे इंजिन सध्या पूर्ण खोललेले आहे. सातपूरला लेथवर बोअर करून घेतला आहे, पिस्टन आणि रिंगा नव्या आहेत, आणि हेडचा पृष्ठभाग किंचित वाकलेला असल्यामुळे तोही ०.३ मिमी फेस करून (तासून सपाट करून) घेतला आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केले की टायमिंग चेनच्या (क्रँकवरून व्हॉल्व उघडणारा कॅम फिरवणाऱ्या चेनच्या) बाजूने खरखर येत असे आणि खोलल्यावर ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला दिसला, म्हणून टायमिंग चेन, तिला टेकणाऱ्या दोन्ही पट्ट्या आणि टेन्शनर असा सगळा संचच बदलत आहे.

अडचण अशी आहे की मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकावरच्या चाकावरची) रेघ केसवरच्या खुणेशी जुळवल्यावर कॅम स्प्रॉकेटवरच्या दोन रेघा हेडच्या वरच्या कडेला समांतर यायला हव्यात, पण त्या साधारण अर्ध्या दाताने मागे राहतात. चेन एक दात पुढे घेतली, तर त्या जवळजवळ तेवढ्याच पुढे जातात. टेन्शनर अजून लावलेला नाही. द्वारकेजवळच्या एका गॅरेजमध्ये विचारले तेव्हा, हेड फेस केले की असे होतेच, एक दात पुढे घेऊन टाका, असा सल्ला मिळाला. तो मनाला पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: टूलरूम

मन पटू देत नाही ते योग्यच आहे. कृपया दात पुढे घेऊ नका. हेड फेस केल्याचा परिणाम किती होतो, हे आकड्यांत पाहिले तर शंका राहणार नाही. अशा छोट्या इंजिनांच्या बहुतेक चेनींचा पिच, म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर, ६.३५ मिमी असतो. त्यामुळे अर्धा दात म्हणजे तीन मिमीहून अधिक. हेड ०.३ मिमीने खाली आले, तर चेनच्या ओढीच्या बाजूला (जिकडून क्रँक तिला ओढतो) तेवढाच, म्हणजे एका दाताच्या विसाव्या भागाइतका फरक पडतो, आणि तो डोळ्यांना जेमतेम दिसेल. अर्ध्या दाताचे खापर हेडवर फोडता येणार नाही.

दुसरी गोष्ट मॅग्नेटवरच्या खुणेची. बऱ्याच मॅग्नेटवर दोन रेघा असतात: ‘टी’ ही पिस्टन सर्वांत वर असल्याची, आणि ‘एफ’ ही ठिणगी पडण्याची. क्रँक आपल्या दिशेने फिरवताना ‘एफ’ आधी येते आणि तिच्यानंतर, साधारण दहा-पंधरा अंशांनी, ‘टी’ येते. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे हा फरक कॅमवर पाच-सात अंशांचा दिसतो. आता आपल्या कॅम स्प्रॉकेटचे दात मोजा. समजा ते ३४ असतील, तर एक दात म्हणजे साडेदहा अंश आणि अर्धा दात म्हणजे सव्वापाच. म्हणूनच चुकीच्या रेघेवर क्रँक थांबला की कॅम हमखास अर्ध्या दाताने मागे दिसतो. मॅग्नेट पेट्रोलने पुसून अक्षर नीट वाचा आणि एवढ्यावरही विसंबू नका: प्लगच्या भोकातून एक प्लॅस्टिकची नळी पिस्टनवर टेकवून क्रँक हळूहळू पुढेमागे करा, म्हणजे ती वर चढायची कुठे थांबते हे हातालाच कळेल.

जुन्या चेनवर खुणा कशा येत होत्या, हा आधार मात्र धरू नये. चेनची ओढीची बाजू २५० मिमी धरली आणि ती झिजून एक टक्का वाढली असेल, तर अडीच मिमीचा फरक तिथेच पडतो. चेन वाढली की कॅम मागे पडतो आणि व्हॉल्व उशिरा उघडतात. गाडीची ओढ हळूहळू कमी होते आणि चालवणाऱ्याला ते महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही.

उत्तर: पंचवटी मेकॅनिक

वरील हिशेब बरोबर आहे. माझे लक्ष मात्र आपल्या एका वाक्याकडे गेले: टेन्शनर अजून लावलेला नाही. तसे असेल तर चेनचा ढील कोणत्या बाजूला गेला आहे हे आधी पाहावे लागेल, कारण तो ओढीच्या बाजूला असेपर्यंत खुणा वाचून काहीच ठरवता येत नाही.

ओढीची बाजू म्हणजे जिथे सरळ, न हलणारी पट्टी असते ती. टेन्शनरची वाकडी पट्टी ढिलाच्या बाजूला असते. क्रँक चेनला खाली ओढतो आणि कॅम तिच्यामागून येतो. सरळ पट्टीच्या बाजूला जरा जरी सैलपणा राहिला, तरी कॅम पूर्ण ओढला गेलेला नसतो आणि मागे दिसतो. मग लोक चेन एक दात पुढे घेतात, टेन्शनर लावला की ढील निघून कॅम आणखी पुढे सरकतो, आणि गाडी सुरूच होत नाही किंवा कार्ब्युरेटरमधून फटके मारू लागते. एक दात म्हणजे क्रँकचे तब्बल एकवीस अंश. काही इंजिनांत एवढ्यानेही व्हॉल्व पिस्टनला टेकून वाकतो.

टेन्शनरच्या भोकातून बोट घालून वाकडी पट्टी आत दाबून धरा. मग क्रँक नेहमीच्या दिशेने अगदी थोडा मागून आणून ‘टी’वर थांबवा, खूण ओलांडली गेली तर तिथूनच उलटा आणू नका, पाव फेरा मागे जाऊन पुन्हा या. असे केल्यावर कॅमच्या रेघा पाहा. हे करताना चेनला तार बांधून ती बाहेर अडकवलेली असू द्या आणि चेनच्या पोकळीवर स्वच्छ फडके ठेवा, कारण कॅमचा बोल्ट आत पडला तर केस पुन्हा उघडण्याची पाळी येऊ शकते.

सिडकोकर

मनापासून आभार. रेघ ‘टी’चीच आहे, नळी लावूनही खात्री केली. स्प्रॉकेटचे दात ३४ आहेत. पट्टी दाबून धरल्यावर रेघा पुढे सरकून कडेला समांतर आल्या. अगदी केसभर फरक आहे, तो मागच्या बाजूला. दात पुढे घेण्याचा विचार सोडला आहे. पुढे काय तपासावे?

उत्तर: पंचवटी मेकॅनिक

केसभर फरक चालेल. कॅम स्प्रॉकेटच्या बोल्टना थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावून ते मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. नवी चेन बसवण्यापूर्वी ऑइलमध्ये बुडवली नसेल, तर आता वरून भरपूर ऑइल सोडा. टेन्शनर लावताना त्याचा दांडा छोट्या स्क्रूड्रायव्हरने आत फिरवून धरा, नवे पॅकिंग लावून दोन्ही बोल्ट आवळा आणि मगच तो सोडा. दांडा बाहेर आल्याचा टक असा आवाज येईल. दांडा बाहेर असतानाच बोल्टने दाबून बसवला, तर चेन गरजेपेक्षा जास्त ताणली जाते आणि नवी पट्टी पहिल्याच दिवसापासून खाल्ली जाते.

त्यानंतर प्लग काढून ठेवून क्रँक मॅग्नेटच्या नटावरून पान्याने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही टणक अडथळा लागला तर जोर लावू नका. तिथेच थांबून टायमिंग पुन्हा पाहा. दोन फेऱ्यांनी कॅम बरोबर एकदा फिरतो, म्हणून खुणा पुन्हा आपल्या जागी यायलाच हव्यात. सेल्फ किंवा किक त्याआधी मुळीच नको. व्हॉल्व दाबणारे रॉकर बसवले की ‘टी’वर, दोन्ही मोकळे हलत असताना, थंड इंजिनवर फिलर गेजने टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्वमधली फट) लावा; हेड, व्हॉल्व आणि चेन बदलल्यावर जुने माप तसेच राहिले असेल असे समजू नये.

उत्तर: टूलरूम

एक भर घालतो. जुन्या पट्ट्यांचे प्लॅस्टिक झिजलेले किंवा तुटलेले असेल, तर त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकलेले असण्याची शक्यता मोठी आहे. क्लच कव्हर उघडलेलेच असेल, तर जाळी काढून स्वच्छ करा. ती तुंबलेली राहिली तर हेडपर्यंत ऑइल कमी पोहोचते, आणि नवी चेन असूनही कॅम व रॉकर कोरडे पडतात. इंजिन सुरू झाल्यावर सुरुवातीचे काही किलोमीटर गंगापूर रोडसारख्या सपाट रस्त्यावर, वेग कमीजास्त करत चालवा. नव्या रिंगा बसेपर्यंत कसारा घाटाचा चढ टाळलेला बरा. पहिले ऑइल लवकर बदला आणि ते गाळून त्यात काय निघते तेही इथे कळवा.