मदत हवी आहे: छोट्या बोटीवर सोनार (ध्वनीने खोली मोजणारं यंत्र) बसवून नदीचा तळ मोजायचाय

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सपाट बुडाची छोटी फायबर बोट आहे, मागे इलेक्ट्रिक मोटर. तिच्यावर 200 किलोहर्ट्झचा सिंगल बीम (एकाच ध्वनिझोताचा) सोनार लावून नदीपात्राचा खोलीनकाशा करायचाय. पाणी बहुतेक ठिकाणी 1 ते 6 मीटर.

खरी अडचण ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे ध्वनी सोडून प्रतिध्वनी पकडणाऱ्या भागाच्या, जागेची. सध्या तो मागच्या फळीवर, मोटरशेजारी आहे. बोट हळू असली की तळाची रेघ स्वच्छ येते, पण वेग वाढवला की बुडबुडे त्याच्या तोंडाखालून जातात आणि स्क्रीनवर नुसता कचरा. म्हणून बोटीच्या मध्यावर, कडेला उभा पाइप लावायचा विचार आहे: खाली ट्रान्सड्यूसर, वर थेट जीपीएसचा अँटेना. दोन्ही एका रेषेत आले की आडवा फरक काढत बसायला नको. पण पाइप प्रवाहात थरथरतो. पुढेमागे दोरीचा ताण पुरतो, की पक्की पट्टीच हवी? आणि ओंडका आदळला तर पाइप मागे वळावा, बोटीची कड उखडू नये, असा जोड कुणी केलाय का?

दुसरं, यंत्र ध्वनीचा वेग सेकंदाला 1500 मीटर धरतं. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात तो साधारण 1482 असतो, म्हणजे 5 मीटरला 6 सेंटीमीटरचा फरक. तो नंतर दुरुस्त करता येईल. पाण्याची बदलती पातळी ही त्याहून मोठी डोकेदुखी. काठावर मोजपट्टी रोवता, की आरटीके (सेंटीमीटरपर्यंत अचूक) जीपीएसच्या उंचीवर भरवसा ठेवता? काठाची झाडं आकाश झाकतात तिथे काय करता?

मल्टीबीम (एकाच वेळी अनेक झोतांनी रुंद पट्टा मोजणारा सोनार) कृपया सुचवू नका, आवाक्याबाहेर आहे. जोडणीचे फोटो असतील तर जरूर टाका.