प्रतिसाद: न्यूरोसायकॉलॉजीसाठी कोणते पदव्युत्तर शिक्षण?
न्यूरोसायकॉलॉजी, म्हणजे मेंदू आणि वर्तन यांच्या संबंधाचा अभ्यास, यासाठी कोणते पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असा येथे प्रश्न आहे. न्यूरोसायन्स म्हणजे मेंदूविज्ञानातील एम.एस्सी. केल्याने मेंदूचा अभ्यास अधिक सखोल होतो, हे आधीच्या एका प्रतिसादातील म्हणणे मान्य आहे. मात्र पक्षाघातानंतर रुग्णाची स्मृती आणि अवधान तपासून त्या अहवालावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून स्वतःची सही करायची असेल, तर भारतात केवळ ती पदवी पुरत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच मिळते.

चर्चेत न आलेली एक गोष्ट म्हणजे, स्मृती-अवधानाच्या अशा चाचण्यांचा सराव कोणत्या रुग्णांवर मिळणार हे प्रवेशापूर्वीच विचारावे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या चाचणीसंचाचे निकष (गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे ते मापदंड) वय, लिंग व शिक्षण यांनुसार वेगवेगळे आहेत, कारण चौथीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याच्या आणि अभियंत्याच्या कमी गुणांचा अर्थ एकच नसतो. न्यूरॉलॉजी विभागाशी संबंध नसलेल्या महाविद्यालयात (माहितीपत्रक कितीही चकचकीत असो) अशा वेगवेगळ्या रुग्णांवरचा सराव फारसा होत नाही.