खिडकीतल्या कलांचोला कळ्याच येत नाहीत, व्हायोलेटवर डाग – मदत हवी आहे

पूर्वेची खिडकी आहे. सकाळी कोवळं ऊन, दुपारनंतर नुसता उजेड. कट्ट्यावर कलांचो, आफ्रिकन व्हायोलेट आणि अँथुरियम आहेत. अँथुरियमची तक्रार नाही. त्याचं ते लाल 'फूल' (खरं तर रंगीत पानच ते) आठवडेच्या आठवडे टिकतं.

कलांचो आणला तेव्हा केशरी फुलांनी गच्च होता. तुरे सुकल्यावर छाटले. तेव्हापासून पानं जाड, हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. फॉस्फरसवालं खत घाल असं सगळे सुचवतात, पण इतकं धष्टपुष्ट झाड उपाशी असेल हे पटत नाही. खोलीत रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट चालू असते, त्याचा काही संबंध असेल का?

व्हायोलेटच्या पानांवर पिवळट-पांढरी वर्तुळं उमटली आहेत. ती पुसून जात नाहीत, पसरतही नाहीत. पानं उलटून पाहिली, कीड नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
खत राहू द्या, ट्यूबलाइटचाच संशय बरोबर आहे. कलांचोला कळ्या धरायला मोठी रात्र लागते. रोज सलग १४ तास काळोख, असं साधारण ६ आठवडे करा. संध्याकाळी ५ ला कुंडीवर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला, सकाळी ७ ला काढा. फटींना चिकटपट्टी लावा. दिवसा भरपूर उजेड, पाणी बेताचं. कळ्या दिसल्या की खोका बंद. फुलायला त्यापुढे आणखी काही आठवडे जातात.

व्हायोलेटवरचे डाग गार पाण्याचे वाटतात. त्याच्या लवदार पानावर गार थेंब पडला की तिथला रंग उडतो. आहेत ते डाग जाणार नाहीत, नवी पानं स्वच्छ येतील. पाणी खोलीइतक्याच तापमानाचं घ्या आणि कुंडीखालच्या ताटलीत ओता. अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाका, नाहीतर मुळं कुजतात.

धागाकर्ती:
खूप आभार! एखाद्या संध्याकाळी खोका घालायचा राहिला तर सगळं पहिल्यापासून?

प्रतिसाद:
नाही हो, फार तर कळ्या थोड्या लांबतील. मध्यरात्री दिवा लावून कळी आली का बघायचा मोह मात्र टाळा, काळोख सलगच हवा. रात्री दिवा लागतच नाही अशी खोली असेल, तर रात्री मोठ्या असण्याच्या दिवसांत कुंडी तिथल्या खिडकीत ठेवून बघा. बहुधा खोका लागणारही नाही.