सपाट तळवे: पोराला चालवून कुणी बघतच नाही का?

राजारामपुरीची आई
माझा मुलगा १३ वर्षांचा, गल्लीच्या टीमात फुटबॉल खेळतो. ओला पाय फरशीवर ठेवला की अख्खा तळवा उमटतो. खेळून आला की डाव्या घोट्याच्या आतून ठणकतं, रात्री तेल चोळून द्यावं लागतं. दवाखान्यात दोन मिनिटं उभं केलं, तळवे बघितले, बुटात घालायचे इन्सोल लिहून दिले. अहो, दुखतं ते पळताना, चालताना! मग चालवून नको का बघायला?

फिजिओ, ताराबाई पार्क
ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. उभं करून बघायच्या तपासण्या आम्हीही करतो. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर कमानीतलं आतल्या बाजूचं नेव्हिक्युलर हाड किती खाली येतं ते मोजतो, १० मिमीपेक्षा जास्त म्हणजे जास्तच. पण त्यावरून चालताना पाय काय करेल ते नक्की सांगता येत नाही.

घरी एक करा. त्याला पालथं झोपवून पोटरीच्या खालच्या भागावर मधोमध आणि टाचेवर मधोमध स्केचपेनने उभी रेघ मारा. फोन त्याच्या मागे पाटावर, विटेला टेकवून, टाचेच्या उंचीला. अनवाणी सरळ लांब चालत जाऊ दे, मधली पावलंच धरा, आणि स्लो मोशनमध्ये बघा. टाच टेकल्यावर पाय थोडा आत कलतोच, सगळ्यांचा कलतो. बघायचं ते पुढचं: चवड्यावर जोर देऊन पाऊल उचलताना टाच परत सरळ होते का? शेवटपर्यंत कललेलीच राहिली तर कमान सावरणाऱ्या स्नायूला भार पेलत नसावा. चवडे बाहेर वळवून चालत असेल तर कोन फसवा दिसतो, म्हणून अंश मोजत बसू नका.

आणि चवड्यांवर उभं करा. कमान दिसली, टाच आत वळली, तर पाय लवचिक आहे. नाही वळली तर इन्सोल राहू दे, आधी ऑर्थोपेडिकना दाखवा, हाडं जोडलेली असू शकतात. दुखत नसतं तर मी काहीच करू नका म्हटलं असतं.

चप्पलवाला
वहिनी, बूट उलटा करून बघा. मी जुन्या कोल्हापुरीची टाच बघूनच माणसाचा पाय ओळखतो. मागून बाहेरच्या अंगाला झिजते ती नेहमीची चाल. आतून झिजली असेल तर फिजिओताई म्हणतात तसंच असणार.

राजारामपुरीची आई
गच्चीवर व्हिडिओ काढला. उजवी टाच उचलताना सरळ होते, डावी शेवटपर्यंत कललेलीच. बूटही डावाच आतून घासलाय, आणि इतके दिवस मी त्यालाच ओरडत होते, पाय घासत चालू नको म्हणून. चवड्यांवर उभा राहिला की दोन्ही कमानी दिसतात, तेवढा धीर आला. ताई, व्हिडिओ घेऊन सोमवारी येऊ का? बूटही आणते.

फिजिओ, ताराबाई पार्क
या. हाफ पँट घालून आणा, गुडघे दिसायला हवेत. आणि रेघा पुसू नका.