पार्स्निपला ‘पांढरं गाजर’ म्हणायचं का?

पाचगणीचा_माळी: यंदा आमच्या वाफ्यात पार्स्निप आलंय, गाजरासारखं दिसणारं पांढरट कंदमूळ. बी उगवायलाच तीन आठवडे खाल्ले. साताऱ्याच्या मंडईत नाव सांगता सांगता जीभ वळेना, म्हणून पाटीवर ‘पांढरं गाजर’ लिहिलं. निम्मा माल तासात गेला. शेजारच्या गाळ्यावरचे काका मात्र म्हणाले, “फसवतोयस लोकांना.” ही फसवणूक आहे का?

कृष्णाकाठ_सांगली: आहेच. खरंखुरं पांढरं गाजर वेगळं असतं. गिऱ्हाईक हे कोशिंबिरीत किसणार आणि तोंड वाकडं करणार. हे भाजून नाहीतर उकडून खायचं.

कराडची_शेंगदाणी: मग भुईमूग काय मूग आहे? दक्षिण अमेरिकेतून आला, भुईत शेंग धरली, आपल्या माणसांनी नाव ठेवून विषय संपवला. इथं तर गाजर जवळचं भावकीतलं. रोमन लोक दोघांनाही ‘पास्तिनाका’च म्हणायचे!

कृष्णाकाठ_सांगली: रोमनांनी घोळ घातला म्हणून आपणही घालायचा? त्याच शब्दाचं रशियनमध्ये ‘पास्तेरनाक’ झालं, लेखक बोरिस पास्तेरनाकचं आडनाव तेच. इंग्रजांनी टर्निपच्या ओढीनं शेपटाला ‘निप’ लावला. ज्यानं त्यानं शब्द आपल्या जिभेवर घोळवला. आपण ‘पासनीप’ करू. पोर्तुगीजांचा बटाटा घेतलाच ना? आणि महाबळेश्वरात स्ट्रॉबेरीला कोणी ‘लाल तुती’ म्हणतं का?

कराडची_शेंगदाणी: स्ट्रॉबेरी पर्यटकांना विकायची असते, दादा. आणि बटाट्याचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगते, तो शब्द मुळात रताळ्याचा. चुकून याला चिकटला. कोणाचं पोट दुखलं?

मिरजेची_मावशी: नावावर खुशाल भांडा, पण पाल्याचं बोला. गाजराचा पाला आपण बिनधास्त गुरांना टाकतो. याचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. ‘गाजर’ वाचून कोणी पाल्यासकट नेलं म्हणजे?

(आणि ‘ते पार्स्निप’ का? मुळ्यासारखं ‘तो’ का नाही?)

पाचगणीचा_माळी: मावशी, फोडांचं खरंय. काढणीच्या वेळी माझ्या मनगटावर उठले होते, मला वाटलं गवत लागलं. आता पाला रानातच छाटून येतो. उरलेला माल मुद्दाम जमिनीतच ठेवलाय. कडाक्याची थंडी खाल्ली की यातल्या पिठाची साखर होते, आणि वेण्णा तलावाकडं दव गोठतं तेव्हा इथंही हुडहुडी असतेच.

पाटी बदलली. ‘पार्स्निप’, खाली बारीक अक्षरात ‘गाजर नव्हे’. सकाळपासून तिघी थांबल्या. तिघींनी एकच विचारलं, “गाजर नव्हे, मग काय?”